ताशी अठ्ठ्याऐंशी

मास्तरांनी पाकीट उघडलं, आतला कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग अगदी शांतपणे बायकोला सांगितलं, की पोस्टमननं शेजारच्यांचं पत्र आपल्याकडे टाकलंय. बायकोनं कागद हातात घेतला. नाव मास्तरांचं होतं, पत्ता याच घराचा होता आणि गाडीचा नंबर मास्तरांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या एकुलत्या एक पांढऱ्या गाडीचा होता. नदीकाठच्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी पन्नास किलोमीटर असताना सदर वाहन तीन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी ताशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटर वेगानं जाताना कॅमेऱ्यानं टिपलं, असं वाहतूक कार्यालयाचं म्हणणं होतं. खाली पुरावा म्हणून नंबरप्लेटचा तेवढा फोटो छापला होता.

बायको खुर्चीत बसली. "अठ्ठ्याऐंशी?" ती म्हणाली. "आपली गाडी?"

तिला हा प्रश्न का पडला, हे कळायला मास्तरांची थोडी ओळख हवी. गेली सव्वीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत होते आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी चाळीसची मर्यादा ओलांडली नव्हती. ही मर्यादा कायद्यानं घातलेली नव्हती, त्यांची स्वतःचीच होती. त्यांच्या गाडीत वेगाच्या काट्याला चाळीसच्या पुढचा प्रदेश ठाऊकच नव्हता. गावात कुठे वाहनांची लांबलचक रांग लागली, की लोक मान उंचावून बघत आणि रांगेच्या तोंडाशी मास्तरांचा विद्यार्थी आहे म्हणून गप्प बसत. खुद्द त्यांचे सासरे चारचौघांत म्हणत, की जावयाच्या गाडीत बसायचं तर सोबत जेवणाचा डबा घ्यावा.

थट्टेचं मास्तरांना कधीच काही वाटलं नाही. पण नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात जे छापलं होतं, ती थट्टा नव्हती. मर्यादेपेक्षा तीस किलोमीटरहून जास्त वेग असेल तर चालकाचं लायसन्स तीन महिने निलंबित, आणि चालकाकडे शिकवण्याचा परवाना असेल तर तो कायमचा रद्द. सुनावणी येत्या सोमवारी. मास्तरांना दुसरा कुठलाही धंदा येत नव्हता. एक गाडी, भाड्याची एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते आणि तो परवाना, एवढंच त्यांचं साम्राज्य होतं.

त्यांनी डायरी काढली. कोण शिकायला आलं, किती वाजता आलं, कुठे गाडी बंद पाडली, सगळं ते डायरीत लिहीत. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांचा डायरीवर जास्त विश्वास होता. तीन महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी एकच शब्द होता, 'सुट्टी'. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. सुट्टी होती म्हणजे आपण गाडी चालवलीच नव्हती. मग पुढचा विचार आला आणि पडलेला जीव पुन्हा टांगणीला लागला. आपण नाही, तर कोणी? गाडीच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्या खिशात असे आणि दुसरी फ्रिजशेजारच्या खिळ्याला.

"त्या मंगळवारी तू कुठे होतीस गं?" त्यांनी विचारलं.

"तीन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी चार वाजता? घरात असेन. का?"

"नाही, सहज. किल्ली खिळ्यालाच होती ना, म्हणून म्हटलं."

बायकोच्या सगळं लक्षात आलं. "अहो, चार वर्षं शिकतेय मी तुमच्याकडे. अजून परीक्षेला बसू दिलं नाहीत. तिसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिलं नाहीत. अठ्ठ्याऐंशी कुठल्या गिअरमध्ये येतात, हेसुद्धा मला माहीत नाही."

एवढं बोलून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. रागावली होती यात शंका नाही. पण थोड्या वेळानं ती परत आली आणि मी गाडी एवढी जोरात चालवू शकेन असं तुम्हाला खरंच वाटलं का, असं तिनं विचारलं. अर्ध्या तासानं तिनं तेच पुन्हा विचारलं. दोन्ही वेळेला आवाजात राग फारसा नव्हता.

संध्याकाळी सासरे आले. दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि रोज पेपर वाचायला जावयाकडे यायचे. त्यांनी पेपराऐवजी नोटीस वाचली, नीट घडी घातली आणि उठून जावयाला मिठी मारली.

"जावईबापू, सव्वीस वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची."

मास्तरांनी शपथेवर सांगितलं, की गाडी आपण चालवली नव्हती. सासऱ्यांनी डोळा मारला. मास्तरांनी डायरी दाखवली. सासरे म्हणाले, असली कामं माणूस सुट्टीच्याच दिवशी करतो. ते पेपर न वाचताच लगबगीनं घरी गेले. पण थेट घरी गेले नसावेत. कारण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बागेतल्या बाकांपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना आकडा तोंडपाठ होता.

त्या दिवशी स्कूलवर रांग लागली. वर्षात जेवढी तरुण मंडळी येत, तेवढी एका सकाळी आली. त्यातल्या एकीनं अठ्ठ्याऐंशी कितव्या धड्यात येतात याची चौकशी केली. मास्तरांना ना हाकलता येईना ना हो म्हणवेना. सोमवारनंतर स्कूल असेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यांची नावं पेन्सिलीनं लिहून घेतली. दुपारी त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. कुठल्याशा कचेरीत तो कारकून होता. मास्तरांच्या शब्दाखातर अकरा वर्षं आपण चाळीसच्या वर गेलो नाही, अकरा वर्षं रोज कामावर उशिरा पोचलो आणि साहेबाची बोलणी खाल्ली, आणि मास्तर मात्र स्वतः नदीकाठानं असे उधळतात, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं. मास्तरांनी त्याला चहा पाजला. त्यानं तो पाठ फिरवून प्यायला.

सगळे गेल्यावर मास्तर त्या खोलीत एकटेच बसून राहिले. भिंतीवर वेगमर्यादेच्या गोल पाट्यांचा तक्ता होता. तो आपणच उतरवावा, की सरकारी माणूस येऊन उतरवेल, हे त्यांना कळेना. त्यांना खरोखर रडू आलं. जे कधी केलं नाही, नेमकं त्याच गुन्ह्यासाठी आपलं सगळं आयुष्य पुसलं जाणार, याचं दुःख कोणाला सांगावं तेही समजेना.

मग त्यांनी शांत डोक्यानं हिशेब मांडला. सासऱ्यांच्या डोळ्याचं त्या आठवड्यात ऑपरेशन झालं होतं, तेव्हा ते यातून सुटले. राहिली बायको. चार वर्षं आपण तिला तिसऱ्या गिअरमध्ये कोंडून ठेवलं. एखाद्या दुपारी तिनं किल्ली उचलली असेल आणि सगळी चार वर्षं एकदम भरून काढली असतील, तर चूक तिची की आपली? आपलीच. मास्तरांनी ठरवलं, की काही झालं तरी सुनावणीत तिचं नाव घ्यायचं नाही.

इकडे बायकोनंही आपला हिशेब मांडला होता. सव्वीस वर्षं चाळीसवर दाबून धरलेला माणूस कधीतरी एकदा उसळणारच. सुट्टी काढून, कोणाला न सांगता, एकटाच गेला असेल बिचारा. तिला त्याची दया आली आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला. हा परवाना जाऊ द्यायचा नाही, असं तिनंही ठरवलं.

सोमवारी तिघंही वाहतूक कार्यालयात हजर झाले. सासऱ्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना घरी ठेवणं कोणाच्याच हातात नव्हतं. खोलीत लाकडी बाकं, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि त्यामागे चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या अधिकारी मॅडम. मास्तरांच्या आधी चौदा लोकांची सुनावणी झाली. चौदाही जणांनी गाडी आपण चालवत नव्हतो असं सांगितलं. मॅडम आता मान वर न करता ऐकत होत्या.

"मॅडम, गाडी मी चालवत नव्हतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डायरी टेबलावर ठेवली.

"मग कोण चालवत होतं?"

मास्तरांनी डायरी आणखी थोडी पुढे सरकवली.

"नाव नाही सांगितलंत तर मालकच चालवत होता असं धरतात. तुमच्याकडे तर शिकवायचा परवाना आहे. नीट विचार करा."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बायको पर्स छातीशी धरून दाराजवळ उभी होती. एका बाजूला सव्वीस वर्षं होती आणि दुसऱ्या बाजूला ती होती.

"मग मीच धरा," ते म्हणाले.

बायको तीन ढांगांत टेबलाशी आली. "मॅडम, यांचं ऐकू नका. मी चालवली गाडी."

"दोघंही खोटं बोलतायत," मागून सासरे म्हणाले. "गाडी माझ्याकडे होती."

"बाबा, तुमच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा," मास्तर हळूच म्हणाले.

"एकाच डोळ्याला होती," सासरे म्हणाले.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "सकाळपासून इथे कुठलीच गाडी कोणीच चालवलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "आता एकच गाडी तिघांनी चालवली." मग त्यांनी बायकोला विचारलं, की अठ्ठ्याऐंशीचा वेग तिनं कुठल्या गिअरमध्ये गाठला.

"तिसऱ्या," बायको ठामपणे म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. नोटिशीवर फक्त नंबरप्लेटचा तुकडा छापतात, पूर्ण फोटो कार्यालयात असतो, असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. फोटो उघडल्यावर त्या पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी पडदा तिघांकडे फिरवला.

नदीकाठचा रस्ता होता. रस्त्याच्या मधोमध, पाठीमागून दिसणारा, बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणारा एक ट्रक होता. त्याची नंबरप्लेट चिखलानं लडबडलेली होती. ट्रकच्या सपाट पाठीवर मास्तरांची पांढरी गाडी चारही चाकांना पट्टे आवळून बांधलेली होती. टपावर स्कूलची पाटी होती. आणि गाडीत, चालकाच्या जागी, ताठ मानेनं एक माणूस बसला होता. त्या मानेकडे पाहून बायको म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ चेहरा लाल झाला. भर बाजारात गाडीचा क्लच जळला होता. ट्रक बोलवावा लागला. ट्रकच्या केबिनमध्ये आधीच दोन माणसं होती, म्हणून ते आपल्याच गाडीत बसून गॅरेजपर्यंत गेले. ट्रेनिंग स्कूलची गाडी अशी सगळ्या गावासमोरून वाहून नेली, याची त्यांना इतकी लाज वाटली, की गाडी संध्याकाळी दुरुस्त करून त्यांनी गुपचूप घरी आणली, कोणाला चकार शब्द सांगितला नाही आणि डायरीत लिहिलं, सुट्टी. नंतर तीन महिन्यांत ते त्यांनाही खरं वाटू लागलं.

"डायरीत तेवढं एकदाच खोटं लिहिलं मॅडम," मास्तर म्हणाले.

"आणि नेमकी तीच पुरावा म्हणून घेऊन आलात," मॅडम म्हणाल्या.

वेग ट्रकचा होता, तेव्हा नोटीस ट्रकवाल्याला जाईल, मास्तरांचं लायसन्स आणि परवाना दोन्ही शाबूत आहेत, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मास्तर मटकन बाकावर बसले. बायको शेजारी बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"म्हणजे तुम्ही नव्हतात," ती म्हणाली.

"आणि तूही नव्हतीस. तरी उभी राहिलीस," मास्तर म्हणाले. पुढच्याच आठवड्यात तिला परीक्षेला बसवायचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, चौथ्या गिअरसह. सासरे मात्र पडलेल्या चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघत होते. बागेतल्या बाकांवर आता काय सांगायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरोखर अवघड होता.

उचलून नेत असलेल्या गाडीत माणसानं बसणं हाही गुन्हाच असतो, हे मॅडमनी जाता जाता लक्षात आणून दिलं. त्याचा दंड किरकोळ होता. मास्तरांनी तो इतक्या आनंदानं भरला, की खिडकीवरच्या कारकुनानं नोट दोनदा उजेडात धरून पाहिली.

पावती घेऊन ते टेबलाशी परत आले, तेव्हा मॅडम प्रकरण बंद करण्याचा शेरा लिहायला बसल्या होत्या. पण लिहिता लिहिता त्या थांबल्या आणि त्यांनी फोटो मोठा केला.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी बंद होती. ट्रकवर बांधलेली होती. मग मागचे हे दोन्ही लाल दिवे का लागलेत?"

मास्तर जरा घुटमळले. "ट्रकवाला पन्नासच्या वर गेला होता, मॅडम. मी नदीकाठ संपेपर्यंत ब्रेक दाबून धरला होता."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घालून शेरा पूर्ण केला आणि खाली सही शिक्का मारला: 'चालकाने वेग कमी करण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केल्याचे छायाचित्रावरून स्पष्ट दिसते. सबब, प्रकरण बंद करण्यात येत आहे.'