तुलना गटातली दिपाली

मनुष्यजातीची प्रगती संशोधनामुळे होते आणि संशोधन नमुन्यामुळे होते. तेव्हा प्रगतीचा खरा भार नमुन्याच्या डोक्यावर असतो. नमुना म्हणजे ज्याला मोजतात तो. मोजणाऱ्याला पदवी मिळते आणि नमुन्याला पेन मिळतं. (पेन चालतंच असं नाही. पदवीचंही तसंच असल्यामुळे यात अन्याय नाही.)

आमच्या वाडीची शाळा चौथीपर्यंतची आहे. पाथर्डीच्या पुढे डांबर संपतं, त्याच्याही पुढे. निवृत्त झाल्यापासून मी मधल्या सुट्टीत तिथल्या लिंबाखाली बसतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला शिकवतो. यंदा माझ्याकडे मुख्यत्वे दिपाली होती. तिसरीतली. तिचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, चैत्रात येतात. आजवर दिपालीही त्यांच्याबरोबर जायची, कारण धाकट्या भावाला फडावर कुणी तरी सांभाळावं लागतं. त्यामुळे दोन वर्षं शाळेत असूनही ती शाळेत नव्हती.

यंदा तिच्या बापानं, बिभीषणनं, अट घातली. लिंबाखाली येऊन, उभ्या उभ्या.

"गुरुजी, हिला वाचाय आलं तर ऱ्हाऊ दे आजीपाशी, शाळा करू दे. न्हाई आलं तर बारकं सांभाळाय यील. उगं हितं बसून तरी काय करायचंय?"

"ट्रक येईल तोवर येईल तिला," मी म्हणालो.

"मीच बगनार हाय वाचून घिऊन. माजं धावी झालंय." (नापास. पण होणं झालंच होतं.)

दिपाली हुशार होती. पोळ्यापर्यंत तिची बाराखडी झाली, साधे शब्द झाले. राहिली होती फक्त जोडाक्षरं. गणपतीत ती सुरू करायची आणि दसऱ्याला संपवायची असा माझा बेत होता. बेत सोपा होता, कारण त्यात संशोधन नव्हतं.

ते गणपतीतच आलं.

तालुक्याच्या अलीकडे एका संस्थेची चार महाविद्यालयं एकाच आवारात आहेत. वैद्यक, जीवशास्त्र, संगणक आणि व्यवस्थापन. चौघांचं कँटीन एक आहे, बाकी काही एक नाही. तिथल्या प्राध्यापकांना वरून सूचना झाली की ज्याचा शोधनिबंध नाही त्याची नोकरी कायम नाही. सूचना येईपर्यंत त्या आवारात कुणालाही कसलाही प्रश्न पडत नव्हता. सूचना आल्यावर पंधरवड्यात प्रत्येकाला पडला. ज्ञानाची भूक म्हणतात ती हीच असावी.

प्रश्न पडल्यावर नमुना लागतो. डांबरी रस्त्यालगतची गावं आता वापरून झाली आहेत. तिथले लोक प्रश्नावली दिसली की कुत्रं सोडतात. आमच्याकडे मात्र आजवर कुणीच आलं नव्हतं, त्यामुळे आम्ही ताजे होतो.

आधी वैद्यक आलं. मुलांच्या अंगात रक्त कमी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी ते काढलं. दहापैकी आठ मुलांना थकवा आढळला. (त्यातल्या निम्म्यांना रक्त काढल्यानंतर.) मग चिठ्ठ्या टाकून शाळेचे दोन गट केले. एका गटाला लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याला काही दिलं नाही. या दुसऱ्या गटाला तुलना गट म्हणतात. गोळीनं फरक पडला हे सिद्ध करायचं, तर गोळी न मिळालेलं कुणी तरी शेजारी उभं असावं लागतं. शास्त्राचा सगळा डोलारा या न मिळालेल्यांवर उभा आहे, म्हणून त्यांच्याकडे आदरानं पाहावं.

दिपालीची चिठ्ठी तुलना गटात निघाली.

पाठोपाठ जीवशास्त्र आलं. त्यांचा विषय उवा हा होता. एका गटाच्या डोक्याला औषध लावलं. दुसऱ्या गटाच्या आयांना विनंती केली की सहा आठवडे मुलींच्या केसांत फणी घालू नये, उवांचं नैसर्गिक जीवन विस्कळीत होतं. दिपाली दुसऱ्या गटात होती. तिची आजी केशरबाई फणी घेऊन उंबऱ्यात बसली होती ती तशीच बसली.

"कायबी करायचं न्हाई, ह्याला एवढी मानसं गाडी करून यत्यात व्हय?" तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, नुसतं न करणं वेगळं आणि नोंद ठेवून न करणं वेगळं.

"आमच्याकडं मग लई वर्सं नोंद न ठिवता चाललंय," ती म्हणाली.

व्यवस्थापनाचे संशोधक टाय लावून आले. त्यांनी शाळेच्या खिचडीकडे उत्पादन म्हणून आणि मुलांकडे ग्राहक म्हणून पाहिलं. निम्म्या ग्राहकांना तीच खिचडी रंगीत ताटलीत, इंग्रजी नावाच्या झेंडीसकट वाढली. उरलेल्यांना नेहमीच्या, पोचे पडलेल्या जर्मनच्या ताटलीत, नावाशिवाय. नंतर चौथीतल्या हनुमंतला विचारलं, "ही खिचडी तू तुझ्या मित्राला सुचवशील का?"

"त्यो बी हितंच बसलाय की, सर," हनुमंत म्हणाला. "त्यानं माज्या आधी खाल्ली."

याची नोंद 'ग्राहकनिष्ठा तीव्र' अशी झाली.

दिपालीच्या ताटलीत झेंडी नव्हती. ती मला विचारू लागली.

"गुरुजी, मी कंच्या गटात?"

"तुलना गटात."

"तितं काय देत्यात?"

"काही नाही."

"मंग बसायचं कशाला?"

"बाकीच्यांना काय मिळालं ते कळावं म्हणून."

"त्ये तर हितनं बी दिसतंय की," ती म्हणाली आणि शेजारणीच्या ताटलीतली झेंडी बघत राहिली.

शेवटी संगणक आला. आलेल्या तुकडीचा प्रमुख गोरक्ष. हा मूळचा कोल्हारचा, मी तिकडे नोकरीला असताना माझ्याच वर्गात होता. मी त्याला वाचायला शिकवलं, असं आजवर मी समजत होतो. पण तेव्हा तुलना गट ठेवलेला नसल्यामुळे तो माझ्यामुळे शिकला की आपोआप शिकला, हे सिद्ध करता येणार नाही. हे त्यानंच मला सांगितलं, पाया पडून झाल्यावर. गोरक्षनं टॅबवर चालणारा एक कार्यक्रम तयार केला होता. मुलाचा चेहरा पाहून त्याला वाचता येतं की नाही हे तो कार्यक्रम ओळखायचा आणि येत नसेल तर शिकवायचा. त्याची अचूकता दहात नऊ. (पहिल्या दिवशी त्यानं खिडकीतून डोकावणाऱ्या शेळीला 'अस्खलित वाचक' ठरवलं. दहावी तीच.) अर्ध्या वर्गाला टॅब मिळाले. आमच्याकडे रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते, म्हणून अर्धा वर्ग टेकाडावर गेला. उरलेल्या अर्ध्या वर्गाला टॅब नव्हता आणि सरही नव्हते, कारण मुख्याध्यापक भागवत सर टॅब मोजायला टेकाडावर गेले होते.

दिपाली खाली राहिली. चिठ्ठी चौथ्यांदाही तशीच निघाली होती.

ही गोष्ट चारही विभागांच्या एकदमच लक्षात आली आणि कँटीनमध्ये आनंद पसरला. गोळी नाही, औषध नाही, झेंडी नाही, टॅब नाही. जिला कुणीही काहीही दिलेलं नाही अशी मुलगी सहसा सापडत नाही. कुठे लस टोचलेली असते, कुठे एखादी मावशी फ्रॉक देऊन गेलेली असते. एका डॉक्टरांनी तिला 'जिल्ह्यातलं सर्वांत शुद्ध मूल' म्हटलं. भागवत सरांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. दिपालीला ते वाचता आलं नाही, कारण त्यात जोडाक्षरं होती.

याच सुमाराला आमच्या भागाबद्दलचा माझा एक जुना गैरसमज दूर झाला. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचं पाणी आहे, कालवे आहेत, कारखाने आहेत, दवाखाने आहेत. आमच्या पूर्वेला वारा आहे. मी इतकी वर्षं याला दुर्लक्ष समजत होतो. ते दुर्लक्ष नव्हतं. उत्तरेला जे जे दिलं, त्यानं खरोखर फरक पडला की नाही हे कळायचं, तर ज्याला ते दिलेलं नाही असा एक मोठा भूभाग जपून ठेवावाच लागतो. आमचे पुढारी आम्हाला किती निगुतीनं जपत आले आहेत, हे कळल्यावर मला गहिवरून आलं. एखाद्यानं चुकून पूल बांधला असता तर सगळं वाया गेलं असतं.

गणपतीपासून मधल्या सुट्टीत रोज कोणता ना कोणता विभाग असायचा. लिंबाखाली वजनकाटा, लिंबाखाली सूक्ष्मदर्शक, लिंबाखाली टाय. मला जागा नसे. तरी एखाद्या दिवशी कोपऱ्यात दहा मिनिटं मिळाली की मी दिपालीला घेऊन बसे. 'पक्का', 'कच्चा', 'अण्णा' इथवर आम्ही पोचलो होतो. एकाच अक्षराची जोडी तिला जमायला लागली होती. दोन वेगळी अक्षरं एकमेकांत शिरली की ती अडे. तेवढंच राहिलं होतं.

एका दुपारी गोरक्ष समोर येऊन उभा राहिला.

"गुरुजी, तिला शिकवू नका."

"का रे बाबा?"

"ती तुलना गटात आहे. टॅब नसताना ती वाचायला लागली, तर टॅबनं काय केलं असं विचारतील मला."

"मग तिला टॅब दे."

"तसं करता येत नाही. चिठ्ठी निघालीय."

"अरे, पण तिला न वाचता आलं तर बाप तिला ऊसतोडीला नेणार आहे. आठ वर्षांची पोर आहे ती."

गोरक्षचा चेहरा उजळला. मला वाटलं, पोराच्या मनात कालवाकालव झाली.

"नेलं तर चालतं, गुरुजी," तो म्हणाला. "स्थलांतर असा रकाना आहे आमच्याकडे. शिकली तर मात्र चालत नाही. त्याला रकानाच नाही."

तो वाईट मुलगा नाही. तासिका तत्त्वावर आहे, लग्न जमत आलंय, मुलीकडचे दर आठवड्याला फोन करून विचारतात की कायम कधी होणार.

"तुम्हीच सांगा, मी काय करू?" तो म्हणाला आणि खरंच उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

त्यानंतर भागवत सरांनी मला अतिशय अदबीनं सांगितलं की मी शाळेत येऊन बसायला त्यांची काही हरकत नाही. शिकवायला आहे. शाळेचं नाव परदेशातल्या नियतकालिकात छापून येणार होतं.

मी त्याच दिवसापासून संध्याकाळी केशरबाईच्या ओट्यावर जाऊ लागलो. शेळ्या बांधून झाल्या की दिपाली भावाला मांडीवर घेऊन बसायची. तो माझा खडू खायचा. दसऱ्याला अजून अवकाश होता आणि ट्रक त्याच्याही नंतर. 'पुस्तक' आलं. 'रस्ता' आला. 'रस्ता' आला तेव्हा तिनं भावाला उचलून गरकन फिरवलं आणि तो रडायला लागला.

यंदा साखर कारखान्याचा बॉयलर लवकर पेटला. 'रस्त्या'च्या दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक आला.

भांडी चढली, गोधड्या चढल्या, माणसं चढली. मुकादम हॉर्न वाजवत होता. बिभीषण शब्दाला पक्का. त्यानं दिपालीला ट्रकच्या बाजूला उभं केलं. फळीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: सद्गुरू कानिफनाथ प्रसन्न.

"वाच."

दिपाली पहिल्या शब्दावर थांबली. मग तिनं दुसरा शब्द खणखणीत वाचला, "कानिफनाथ!" तिसऱ्याला "प" म्हणाली आणि त्याच्या खालच्या तिरक्या रेघेवर अडली. केशरबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"थांब जरा, येतंय तिला," मी म्हणालो. "आठ दिवस दे मला."

"गुरुजी, कानिफनाथ तर मला बी न वाचता येतंय," बिभीषण हलक्या आवाजात म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. "ट्रक आट दिस थांबतोय व्हय?" त्यानं धाकट्याला तिच्या कडेवर दिलं आणि दोघांना एकदमच वर उचललं.

ट्रक वळणावर जाईपर्यंत ती फळीवरून वाकून बाहेरची अक्षरं उलटी बघत होती.

गोरक्षचा निबंध यथावकाश प्रसिद्ध झाला. तो कायम झाला, लग्नाचं बोलावणं मला अगत्यानं आलं. बाकीच्या तिन्ही विभागांचेही निबंध आले. चौघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात, असं शास्त्रात क्वचितच घडतं. ज्यांना काही दिलं त्यांच्यात थोडी सुधारणा दिसली. ज्यांना काही दिलं नाही त्यांच्यात दिसली नाही. दिपाली चारही निबंधांत आहे, स्थलांतराच्या रकान्यात, एक या आकड्याच्या रूपानं. निबंधांच्या शेवटी पुढील संशोधनाची गरज व्यक्त केली आहे.

हे वाचून आपल्याला वाईट वाटलं असेल. त्याची नोंद घेतली आहे. ज्यांना वाईट वाटतं आणि जे पान उलटतात, अशा वाचकांचा अभ्यास करायचं व्यवस्थापन विभागानं आता मनावर घेतलं आहे आणि या नमुन्याला जिल्ह्यात कुठेही तोटा पडलेला नाही. चिठ्ठी टाकण्याचीही गरज भासली नाही. तरी आपण नेहमी जसे वागता तसेच वागावं. आपण काही केलंत, तर निष्कर्ष बिघडेल.