बिनगिलाव्याची खिडकी

अमडापुरात उत्तमराव देशमुखांची नवी खिडकी भिंतीबाहेर पोट काढून उभी राहिली, तेव्हाच त्यांनी ठरवलं, की आता धामणगावच्या व्याह्यांची, वामनरावांची, जिरवायची. मुलीच्या लग्नात वामनराव भर पंगतीत म्हणाले होते, "तुमच्या घरात वारा यायले बी जागा नाही." तो घास उत्तमरावांच्या घशात अजून अडकलेला होता.

खिडकी बुलढाण्याच्या साहेबाच्या बंगल्याबरहुकूम. तिच्या डोक्यावर छोटं छप्पर, आणि छप्पर भिंतीला मिळतं तिथं पाणी शिरू नये म्हणून शिशाचा पत्रा. पत्र्याची कड भिंतीवर चढवायची आणि तिच्यावरून गिलावा करायचा, अशी रीत.

"गिलाव्याखाली गेल्यावर पत्रा दिसन कोनाले?" उत्तमरावांनी विचारलं.

बशीर मिस्त्रीचंही तेच दुखणं होतं. पत्र्यावर त्यानं ठोकून ठोकून वेलबुट्टी काढली होती. "मालक, माही मेहनत चुन्यात गाडू नका. धामणगावचे इवाई पाहून जाऊ द्या, मंग करू गिलावा."

"मंग आतली बंडीबी सदऱ्यावरून घाला," उत्तमरावांच्या बायको रुखमाबाई आतून म्हणाल्या. "तेबी चांगली शिवली हाये."

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं म्हणून दोघांनी विषय मिटवला.

वैशाखात वामनराव आले. उत्तमरावांनी त्यांना खिडकीतल्या गादीवर बसवलं, पानाचं तबक पुढं केलं आणि तोऱ्यात सांगितलं, "शिशाचं काम हाये, इवाई. ढग फुटला तरी थेंब येनार नाही."

वामनराव नुसते हसले. ते हसू उत्तमरावांना झोंबलं. त्यांनी माळवदावरच्या गड्याला हाक दिली, "निवृत्ती, भिंतीवरून घागरी ओत. हात आखडू नको."

निवृत्ती मालकाचा शब्द खाली पडू देणारा नव्हता. घागरीमागून घागर सुटली. पाणी पत्र्यावरून वाहण्याऐवजी भिंत आणि वेलबुट्टीच्या मधल्या उघड्या फटीत शिरलं, आणि थेट वामनरावांच्या पागोट्यावर कोसळलं. पागोट्याचा लाल रंग पांढऱ्या मिशीवर उतरला. 'पुरे' म्हणायला उत्तमरावांना आवाज फुटेना, आणि वर निवृत्तीला वाटलं, मालक खूश आहेत. त्यानं आणखी एक ओतली.

आता उद्या लेक पेटीसकट परत येते, असं उत्तमराव धरून चालले.

वामनरावांनी शांतपणे तोंड पुसलं आणि ते कौतुक ऐकायला दारात येऊन उभ्या राहिलेल्या मिस्त्रीकडे वळले. "बशीर, माह्या घरीबी अशीच खिडकी करून दे. गिलावा नको करू."

बशीरची छाती फुगली. "वेलबुट्टी पसंत पडली ना, मालक?"

"वेलबुट्टीचं राहू दे. खिडकी झाली का पह्यले आमच्या इवायाले बसवतो तिथं."

उत्तमराव मात्र त्याच संध्याकाळी पारावर सांगत होते, की धामणगावच्यांनी शेवटी आपलीच नक्कल केली.