साळूबाई पांडा पाहायला जाते

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, ओढा होता, उंबराचं झाड होतं आणि गेल्या दिवाळीपासून एक सहल कंपनीसुद्धा होती.

कंपनी बगळेरावांची. ते एकाच पायावर उभे राहायचे, कारण दुसऱ्या पायात कायम झेंडी असायची. चीन देशातली वेळूनगरी ही त्यांची खास सहल. "आठ दिवस, घरगुती जेवण आणि खराखुरा पांडा!" असं ते फांदीफांदीवर सांगत फिरायचे.

त्याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहत होती. स्वभावाने गरीब, पण अंगावरचे काटे सतत उभे. पाहुणे येणार म्हटलं की काटे उभे. पोरांना यायला उशीर झाला की काटे उभे. नवऱ्याने नुसतं "अगं, जरा ऐक" म्हटलं तरी काटे उभे. हल्ली तर ते गळायलाही लागले होते.

अस्वल वैद्यांनी तपासलं आणि मान हलवली. "साळूबाई, मन शांत ठेवा. नाहीतर एक दिवस पाठ गुळगुळीत होईल."

"पण शांत कसं ठेवायचं हो, वैद्यबुवा?"

"ते आमच्या शास्त्रात येत नाही," वैद्य म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

शेजारची कोल्हीणबाई नुकतीच वेळूनगरीला जाऊन आली होती. उंबराखाली तिने सगळ्यांना फोटो दाखवला. फोटोत ती हसत होती आणि तिच्या मागे पांडा पाठ करून बसला होता. त्याचा डावा कान थोडा दुमडलेला होता.

"काय सांगू तुम्हाला, अप्रतिम!" कोल्हीणबाई म्हणाली. "एवढा शांत प्राणी मी जन्मात पाहिला नाही. नुसतं बघितलं तरी आपण गार होतो."

साळूबाईने तिथेच ठरवलं. पांडा पाहायचा. आणि जमलं तर त्याला विचारायचं, "दादा, तुम्ही हे कसं करता?"

निघण्याआधी बगळेरावांनी सगळ्यांचे चेहरे नोंदवले. वेळूनगरीत म्हणे दार माणूस ओळखून उघडतं. हो, बाळांनो, जनावरालाही तिथे माणूसच म्हणतात. साळूबाईने फोटो आपल्या बिळात काढला, दुपारी, पोरं झोपल्यावर. सगळे काटे पाठीवर आडवे, डोळे अर्धवट मिटलेले. इतका छान फोटो तिचा लग्नातही आला नव्हता.

आणि मंडळी निघाली.

वेळूनगरीत सगळा व्यवहार पानावर चालायचा. प्रत्येकाच्या हातात किडीने भोकं पाडलेलं एक पान. दुकानदार भोकं निरखायचा, मान डोलवायचा, की झाली खरेदी. साळूबाईने पिशवीतले चिंचोके पुढे केले. दुकानातल्या बदकीने ते उलटसुलट करून पाहिले. मग आपल्या आईला आतून बोलावून दाखवले. दोघी पोटभर हसल्या आणि चिंचोके परत दिले.

"बगळेराव, मलाही ते पान द्या ना," साळूबाई म्हणाली.

"मिळतं की. फक्त इथे तुमचं बीळ पाहिजे."

"आणि बीळ मिळायला काय लागतं?"

"पान लागतं."

हसू नका, बाळांनो. पुढारलेली नगरी होती ती.

उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून साळूबाईने पाणी मागितलं. मिळालं, तेही फुकट आणि मोठ्या आग्रहाने. फक्त ते उकळतं होतं. जेवताना तिने दुभाष्या पोपटाला निक्षून सांगितलं, "तिखट अजिबात नको." पोपटाने ते आचाऱ्याला सांगितलं. आचारी फार दुखावला. मग पाहुणीचं मन राखायचं म्हणून त्याने थोडंच घातलं. मूठभर तिरफळं चावावीत तशी साळूबाईची जीभ बधिर झाली आणि संध्याकाळपर्यंत तिला स्वतःचं नावही नीट घेता येईना.

मग बगळेरावांनी पोत्यातून चिवडा काढला. आठही दिवस मंडळींनी चिवडाच खाल्ला. "अगदी घरच्यासारखं वाटतं हो!" सगळे म्हणाले. घरच्यासारखं वाटून घ्यायला इतक्या लांब का यायचं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

शेवटी पांड्याचा दिवस उजाडला. नेमकी त्याच दिवशी त्या देशात सगळ्यांना सुटी होती.

"आपली वेळ दहा ते सव्वादहा!" बगळेराव झेंडी नाचवत ओरडले. "सव्वादहाला दार बंद. मग थेट पुढच्या वर्षी!"

रांगेला सुरुवात होती, पण शेवट कुणालाच दिसत नव्हता. मागून हंसिणीचं अख्खं कुटुंब ढकलत होतं. कुणाची तरी छत्री नाकाला लागत होती. साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. रेटारेटीत ती एकदाची दारापाशी पोचली.

दाराने तिच्याकडे बघितलं. लाल दिवा लागला.

पहाऱ्यावरच्या सोनेरी माकडाने फोटो पाहिला, मग साळूबाईला पाहिलं. पोपटाच्या तोंडून तो म्हणाला, "या तुम्ही नाही."

"अहो, मीच! मीच साळूबाई!"

"फोटोतल्या बाई शांत आहेत."

"शांत व्हायलाच तर आले ना, भाऊ! आत जाऊन पांडा बघितला की होईन."

"आधी व्हा. मग बघा."

साळूबाईने डोळे मिटले. तिने आपलं बीळ आठवलं. दुपारची सावली आठवली. झोपलेली पोरं आठवली. एक काटा खाली बसला. मग दुसरा. हळूहळू अर्धी पाठ सपाट झाली.

तेवढ्यात मागून बगळेराव ओरडले, "साळूबाई, लवकर शांत व्हा! मंडळी खोळंबलीत!"

सगळे काटे पुन्हा उभे. दिवा पुन्हा लाल.

"जरा बाजूला होता का, मावशी?" कंपनीतला ससा म्हणाला आणि आत निसटला.

तिसऱ्यांदा ती दारापुढे आली तेव्हा ती थरथरत होती. दाराने या वेळी तिला साळिंदर म्हणूनही ओळखलं नाही. 'झाडू' अशी नोंद केली. आणि सव्वादहा वाजले.

थोड्या वेळाने ससा बाहेर आला.

"काय दिसलं रे?" साळूबाईने विचारलं.

"पुढच्या हरणाची शिंगं."

"आणि पांडा?"

"शिंगांच्या मागे असावा. झोपला होता म्हणे."

बगळेराव मात्र हसतमुख. "काही बिघडलं नाही, साळूबाई! मागच्या अंगणात पुठ्ठ्याचा पांडा ठेवलाय. राहिलेल्या मंडळींसाठी. त्याच्यापुढे उभ्या राहा, आणि हसा!"

साळूबाई मागे गेली. पुठ्ठ्याचा पांडा पाठ करून बसला होता. त्याचा डावा कान पावसाने दुमडला होता.

बगळेरावांनी फोटो काढला, तरी साळूबाई त्या कानाकडेच बघत होती. हा कान तिने आधी पाहिला होता. उंबराखाली.

परतीच्या वाटेवर तिने निश्चय केला. खरं सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं. पान, उकळतं पाणी, दार, पुठ्ठा, काही म्हणजे काही लपवायचं नाही. एवढा निश्चय केल्यामुळे तिचे आणखी सात काटे गळले.

उंबराखाली सगळं जंगल जमलं होतं. पुढे कोल्हीणबाई. तिच्या शेजारी कासवताई, एकशे चाळीस वर्षांत ओढ्यापलीकडे न गेलेली.

"पाहिलास ना गं पांडा?" कोल्हीणबाईने विचारलं. तिचं तोंड हसत होतं, डोळे मात्र साळूबाईच्या फोटोवर होते. फोटोतल्या कानावर.

साळूबाईने तिच्याकडे बघितलं. मग जमलेल्या सगळ्यांकडे. एवढ्या लांब जाऊन, आठ दिवस चिवडा खाऊन, आपल्याला झाडू ठरवलं, हे आता कुणाकुणाला सांगायचं?

"पाहिला," ती म्हणाली. "अप्रतिम!"

आणि काय नवल, बाळांनो! तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिचे काटे एकेक करत खाली बसले. इतके शांत, इतके सपाट, की अस्वल वैद्य दुरूनच म्हणाले, "वा! गुण आला."

कासवताईचे डोळे भरून आले. "मग मी पण जाते गं. माझा चेहरा आल्याआल्याच नोंदवून घेतला बगळेरावांनी. आयुष्यात एकदा तरी बघायचाय तो पांडा."

साळूबाईने तिच्या मानेकडे बघितलं. कासवताई घाबरली की मान आत ओढून घेते, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं.

"जाच तू," साळूबाई शेवटी म्हणाली. "फक्त दारापाशी... मान बाहेर ठेव हं, ताई."

तात्पर्य: ज्या दाराने आपल्याला आत घेतलं नाही, त्याचं कौतुक करताना हात आखडता घेऊ नये. त्याने मन शांत राहतं, आणि मागच्या अंगणात ओळखीचं कुणीतरी भेटत राहतं.