आठ दिवसांचं थँक्यू

कट्.

दुपारच्या निजलेल्या घरात अडकित्त्याचा एवढासा आवाज झाला आणि कुमुदिनीने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. तीन वाजले, मामंजी उठले. आता कृष्णराव सुपारी तोंडात टाकतील, चार वर्षांच्या मंजिरीला हाक मारतील आणि ओसरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलतील. एकेक दाणा नातीच्या तळहातावर. तेवढा तास कुमुदिनीचा. खिडकीखालून मल्हारगंजचा रस्ता वाहत असायचा आणि ती मनाने भलतीकडेच तरंगत असायची.

त्या दिवशी तरंगता तरंगता ती इंग्रजी शाळेत पोचली. निळा फ्रॉक घातलेली मंजिरी बाईंशी फाडफाड बोलते आहे आणि बाई चकित! शेजारच्या शालिनीने पक्की खबर दिली होती की प्रवेशाच्या दिवशी बाई प्रत्येक मुलाला एक बिस्कीट देतात आणि मूल थँक्यू म्हणतं की नाही, एवढंच बघतात.

थंडी पडली की मध्यभारताची राजधानी ग्वाल्हेरला जाई, राजधानीमागे फायली आणि फायलींमागे तिचा नवरा श्रीपाद. त्याला तिने लगेच पत्र टाकलं, ‘आठ दिवसांत पोर अशी तयार करते, की बाईच खुर्चीतून उठतील.’

मग घरात कायदा झाला. काहीही हातात आलं, की थँक्यू म्हणायचं. सगळ्यांनी.

पहिला बळी भांडीवाली लक्ष्मी. दुपारपर्यंत तीनदा थँक्यू ऐकल्यावर तिने राखेचे हात तसेच ठेवून सासूबाईंना विचारलं, की दुसरी बाई लावली की काय? तेरा वर्षांत कुणी गोड बोललं नाही, आज बहूजी एवढ्या गोड का? गुळाचा मोठा खडा दिला तेव्हा कुठे कढई घासली गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, कुमुदिनीच्या पानात गरम पोळी वाढली. वर तुपाची धार धरली. कुमुदिनी म्हणाली, “थँक्यू.”

धार मध्येच थांबली.

“मी काय भोजनालय चालवते का ग? अग, तो परक्यांना म्हणायचा शब्द.”

तेव्हापासून त्या पाटापासून दोन हात लांब उभं राहून विचारू लागल्या, “आपल्याला भात वाढू का जी?” कुमुदिनी भात न घेताच पाटावरून उठली.

तरी कायदा चालूच! तिसऱ्या दिवशी कृष्णरावांनी टपोरा दाणा मंजिरीच्या हातावर ठेवला. पोरीने मान तिरपी करून, शिकवल्याप्रमाणे, खणखणीत थँक्यू म्हटलं. त्यांनी उरलेली हरभऱ्याची जुडी खाली ठेवली, मांडीवरची टरफलं झटकली आणि उठून आत गेले.

चौथ्या दिवशी तीन वाजले. अडकित्ता वाजला नाही. पाचव्या दिवशीही नाही. मंजिरी आईच्या पोटावर बसून आजोबा कुठेत म्हणून विचारत राहिली आणि खिडकी नुसतीच उघडी राहिली.

शेवटी द्वारकाबाई आपणच बोलल्या. आपण-बिपण विसरून.

“एकतीस वर्षं दरबारचा फरासखाना सांभाळला ग त्यांनी. गालिच्याला एक सुरकुती पडू दिली नाही. संस्थान गेलं, तर नोकरी संपल्याचा एक इंग्रजी कागद घरी आला. त्यात शेवटी हाच तुझा शब्द. त्या दिवशी पगडी खुंटीला लावली, ती अजून तिथेच आहे.”

सॉरी म्हणावं, तर तीही त्याच शब्दाची बहीण. कुमुदिनी हरभऱ्याची जुडी घेऊन सासऱ्यांच्या खोलीच्या दाराशी गेली.

“मामंजी, मी सोललेले घाटे मंजिरीला चालत नाहीत. म्हणते, आईला अळी दिसत नाही. आणि सोमवारी शाळेत प्रवेशाला तुम्हीच चला. बाईंसमोर माझी बोबडी वळेल.”

मग आतून घसा खाकरला.

“टांगा मी सांगतो. तू सांगितलास, तर घोडा वाटेत झोपेल. आणि ती पगडी जरा झटकून ठेव.”

कट्.

सोमवारी बाईंनी बिस्कीट दिलं. मंजिरीने घेतलं. कुमुदिनीचे ओठ आपोआप त्या शब्दासाठी हलले. बाई वाट बघत होत्या. मंजिरीने पगडीतल्या आजोबांकडे पाहिलं. हा शब्द म्हटला की आजोबा उठून जातात, एवढं तिला कळलं होतं. ती बाईंना म्हणाली, “आजोबांना पण एक द्या.”

कुमुदिनीला धरणी पोटात घेईना. पण बाई खळखळून हसल्या, त्यांनी दुसरं बिस्कीट काढलं आणि पोरीचं नाव लिहून घेतलं.

आणि कृष्णरावांनी ते बिस्कीट दोन्ही हातांत घेतलं, एकतीस वर्षांच्या सवयीने कमरेत वाकले आणि म्हणाले, “थँक्यू, मॅडम!”

परतताना टांग्यात ते पुढे टांगेवाल्याशेजारी ऐटीत बसले होते. कुमुदिनी मांडीवरच्या पोरीचे केस सारखे करत होती. रोज दहा ते चार, असं बाईंनी सांगितलं होतं. तीन वाजता ओसरीवर मामंजींच्या शेजारी कोण असेल, हे तिच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं. एक तास हवा होता, अख्खी दुपार मिळाली होती.

“आई,” मंजिरीने मान वर केली, “थँक्यू परक्यांना म्हणतात ना? मग मी रोज त्या परक्यांकडे कशाला जायचं?”