द्वारकाबाईंची राहून गेलेली मिठी

एका जंगलात सगळं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, मुलांनो? तर तिथे कुणी कुणाला "तू आनंदी आहेस का?" असं विचारत नव्हतं. त्यामुळे उत्तर शोधत बसायची वेळ कुणावर येत नव्हती.

या जंगलात द्वारकाबाई साळिंदर राहायच्या. त्यांचे यजमान हैबतराव. नाव हैबतराव असलं तरी झाडावरून वाळकं पान पडलं की ते बिळात शिरत. दोघांचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. बाहेर यायचं, पाठ खाजवायची, कंद उकरायचे आणि मोठा कंद कुणाचा यावर भांडायचं. नऊ वर्षं हा संसार असाच चालला होता. द्वारकाबाईंना त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नव्हतं. वाटायला वेळच नव्हता. कंद खोल असतात.

एकदा काय झालं, मुरलीधर हा डोक्यावर तुरा मिरवणारा हुदहुद पक्षी नदीपलीकडच्या गावात गेला. तिथे एका सभागृहाच्या खिडकीत बसला. आत आनंदी कसं राहावं याचं शिबिर चाललं होतं. एक गृहस्थ बोलत होते आणि समोरची माणसं डोळे मिटून हसत होती. मुरलीधरने तीन दिवस ते ऐकलं. चौथ्या दिवशी तो तज्ज्ञ होऊन जंगलात परतला. तुम्हाला हे फार लवकर झालं असं वाटेल. पण त्या गृहस्थांनी स्वतः दोनच दिवस ऐकलं होतं.

परतल्यावर त्याला पहिल्या भेटल्या द्वारकाबाई.

"द्वारकाबाई, तुम्ही आनंदी आहात का?"

"मी कंद उकरतेय."

"ते दिसतंय हो. पण आतून?"

"आतून भूक लागलीय."

मुरलीधरने मान हलवली. रिपोर्ट बघून डॉक्टर हलवतात ना, तशी. मग तो उडून गेला.

द्वारकाबाईंनी कंद काढला. खाल्ला. पण त्या दिवशी तो त्यांना नेहमीसारखा लागला नाही. त्या हैबतरावांना म्हणाल्या, "अहो, आपण आनंदी आहोत का?"

हैबतराव घाबरून बिळात गेले.

दोन दिवसांत मुरलीधरने हाच प्रश्न साऱ्या जंगलाला विचारला. तिसऱ्या दिवशी सारं जंगल उदास झालं. आता लोकांना उपाय हवा होता आणि उपाय मुरलीधरकडे तयारच होता.

बुधवारी भर दुपारी अर्जुनाच्या झाडाखाली सभा भरली. ती साळिंदरांची झोपायची वेळ. पण आनंदी व्हायचं तर झोप मोडायला लागते, असं मुरलीधरने सांगितलं.

"मित्रहो, मोठ्या सुखाची वाट बघू नका," तो फांदीवरून म्हणाला. "प्रत्येकाने एक छोटा संकल्प करायचा. खेळकर असा. रोज जमेल असा. तो सागाच्या पानावर लिहायचा आणि दारात टांगायचा. जमला त्या दिवशी खूण. नाही जमला त्या दिवशी फुली. आणि एक नियम कायम लक्षात ठेवा. एकमेकांच्या संकल्पाला हातभार लावायचा. नाही म्हणायचं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना खूर होते त्यांनीही वाजवल्या.

नरहरी अस्वलाने संकल्प केला, रोज सात वेळा मोठ्याने हसायचं. तो पहाटेच उरकून टाकायचा. आसपासच्या तीन झाडांवरचे पक्षी घर सोडून गेले.

हैबतरावांनी लिहिलं, अंघोळ करताना गाणं म्हणायचं. यात एकच अडचण होती. त्यासाठी अंघोळ सुरू करावी लागली.

सांबरांच्या कळपाने ठरवलं, रोज एकदा सगळं विसरून आकाशाकडे बघायचं. वाघमहाराजांना हा संकल्प अतिशय आवडला.

द्वारकाबाईंना काही सुचेना. "मला कंद उकरायला आवडतं, तेच लिहा," त्या म्हणाल्या.

"ती सवय झाली. तो संकल्प नव्हे," मुरलीधर म्हणाला. "तुम्ही असं करा. रोज कुणाला तरी एक मिठी. माणसं शिबिराच्या शेवटच्या दिवशी हेच करतात. डोळे मिटून करतात."

द्वारकाबाई सरळ स्वभावाच्या. एकदा लिहिलं म्हणजे करायचं. दुसऱ्या दिवशी त्या मिठी मारायला निघाल्या.

नरहरीला आठवलं, आपलं पोळं काढायचं राहिलंय. रानडुकराला पाठीचं दुखणं निघालं. घोरपड कड्यावर चढली ती खाली उतरेचना. खुद्द मुरलीधर म्हणाला, "मार्गदर्शकाने अंतर ठेवायचं असतं." आणि तो दोन फांद्या वर जाऊन बसला.

घरी हैबतराव होते. पण ते अंघोळीला गेले होते.

द्वारकाबाईंच्या पानावर फुली आली. दुसऱ्या दिवशी दुसरी. पंधरा दिवसांत पानावर चौदा फुल्या झाल्या. एक दिवस पान वाऱ्याने उडालं होतं, म्हणून तेवढी वाचली. येणारेजाणारे पान वाचत आणि च् च् करत. द्वारकाबाईंना रात्रंदिवस ते पान दिसू लागलं. कंद उकरायला बसल्या तरी नखं नुसतीच माती चाळायची. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं त्यांना वाटायला लागलं. मुलांनो, हसू नका. जिला नऊ वर्षं कधी मिठीची गरज पडली नव्हती, ती आता मिठी मिळत नाही म्हणून रडत होती.

पुढच्या बुधवारी सभेला वाघमहाराज आले.

"आम्हालाही आनंद वाढवायचा आहे," ते म्हणाले.

मुरलीधरचा तुरा थरथरला. राजा शिबिराला येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. "महाराज, संकल्प काय करणार?"

"दर आठवड्याला एक नवी चव घ्यायची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात नरहरी अस्वलाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या. मग नरहरीनेच हळूच विचारलं, "नवी म्हणजे कशी, महाराज?"

"अरे, सांबर झालं, पुन्हा सांबर झालं, परत सांबर झालं. बारा वर्षं तेच. जगण्यात काही गंमत उरली नाही रे." महाराजांचा आवाज खरंच जड झाला होता. "म्हणून आम्ही यादी केली आहे. मुरलीधर, वाच."

मुरलीधरने पान हातात घेतलं, म्हणजे पायात घेतलं, आणि वाचलं. "पहिला आठवडा, मुंगूस. दुसरा आठवडा, साळिंदर. तिसरा आठवडा, अस्वल." पुढे घोरपड होती, वानर होतं. शेवटच्या ओळीशी त्याची चोच अडली.

"वाच की," महाराज म्हणाले.

"मुखशुद्धीला... हुदहुद."

"नियम काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"हातभार लावायचा," सगळे म्हणाले. आवाज फार बारीक होता.

"आणि?"

"नाही म्हणायचं नाही."

पुढच्या सभेत महाराजांनी मुंगसाबद्दल अनुभवकथन केलं. जरा उग्र होतं, पण वेगळं होतं. त्यांच्या पानावर खूण झाली. मुंगसाच्या बायकोला आनंदात सहभागी झाल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. तिने ते घेतलं आणि निघून गेली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. म्हणून सगळ्यांनी थोड्या थोड्या वाजवल्या.

आता द्वारकाबाईंचा नंबर होता.

हैबतराव त्या संध्याकाळी कंदाला आले नाहीत. बिळाच्या तोंडाशी बसून राहिले. "आपण पळून जाऊ," ते म्हणाले.

"कुठे?"

"नदीपलीकडे."

"तिकडे माणसं राहतात. तिकडे तर रोज शिबिर असतं."

हैबतराव उठून उभे राहिले. म्हणाले, "मग मी जातो तुझ्याऐवजी. यादीत साळिंदर एवढंच लिहिलंय. कुठलं ते लिहिलेलं नाही."

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वाळकं पान पडलं की पळणारा हा प्राणी खालच्या आवाजात, पण न थरथरता बोलत होता. द्वारकाबाईंना एकदम बरं वाटलं. तो आनंद होता का, हे त्यांनी तपासलं नाही.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. "अंघोळीची वेळ झाली तुमची."

बुधवारी दोघंही सभेला गेले. महाराज अर्जुनाखाली बसले होते. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

हैबतराव पुढे झाले. "महाराज, मी आलोय."

"ठीक," महाराज म्हणाले. "या."

"थांबा!" द्वारकाबाई ओरडल्या. "यांना कुणी बोलावलं? नंबर माझा आहे."

"अगं, तू मागे हो."

"तुम्ही मागे व्हा. जिथे तिथे पुढे पुढे करायचं! कंदाच्या वेळी बरं नाही येत पुढे!"

"कंद कधी मिळतो का मला पुढे यायला? आधीच गिळलेला असतो!"

"काय म्हणालात?"

महाराज एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. असं जेवण त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "कुणीही या. पण लवकर या."

द्वारकाबाईंनी यजमानांना ढकलून मागे सारलं. मग त्यांचं लक्ष आपल्या पानाकडे गेलं. मुरलीधरने सगळ्यांची पानं सभेत टांगली होती. त्यांच्या पानावर आता तेहेतीस फुल्या होत्या. खूण एकही नव्हती.

आता खरं सांगतो. द्वारकाबाईंनी काही डाव रचला नव्हता. त्यांना फक्त लाज वाटली. मरायला त्यांची फारशी हरकत उरली नव्हती, पण आपल्यामागे हे असं पान राहणार, हे त्यांना सोसेना.

"महाराज," त्या म्हणाल्या, "माझा संकल्प राहिलाय. एकच मिठी. मग तुमचं चालू द्या."

महाराजांनी मुरलीधरकडे बघितलं. मुरलीधर म्हणाला, "नियमात बसतं, महाराज. हातभार लावायचा."

"आणि नाही म्हणायचं नाही," महाराज हसून म्हणाले. राजाला आपलं औदार्य दाखवायची संधी आवडते. त्यांनी पुढचे दोन्ही पंजे पसरले. डोळे मिटले.

द्वारकाबाई पुढे झाल्या. पण आयुष्यात त्यांनी कुणाला मिठी मारलेली नव्हती. कशी मारतात, हे ठाऊक नव्हतं. भीतीने अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. साळिंदर घाबरलं की पाठ फिरवतं आणि जोरात मागे सरकतं. त्या पाठ फिरवून जोरात मागे सरकल्या. मनापासून सरकल्या.

महाराजांनी जो आवाज काढला, तो नदीपलीकडे ऐकू गेला. तिथल्या शिबिरात लोकांना वाटलं की ही पुढची पायरी आहे. त्यांनीही तसाच आवाज काढला.

महाराज झाडाखालून उठले, झाडावर आपटले, मुरलीधरच्या फांदीसकट खाली आले आणि नाकात, ओठांत, जिभेत मिळून दोन-तीन डझन काटे घेऊन दिसेल त्या वाटेने पळाले. मुरलीधरने धूळ झटकून नोंद केली, "महाराजांना आनंदाश्रू." मग द्वारकाबाईंच्या पानावर खूण केली.

परतताना बीळ दिसू लागलं तेव्हा हैबतराव म्हणाले, "लाज नाही वाटली? चारचौघांत? परक्या पुरुषाला?"

"नियमात होतं."

"नऊ वर्षांत मला कधी मारली नाहीस."

"तुम्ही कधी मागितलीत?"

हैबतरावांनी बिळामागे जाऊन एक मोठा कंद उकरून आणला आणि तो अख्खा द्वारकाबाईंच्या पुढ्यात ठेवला. द्वारकाबाईंनी अर्धा खाल्ला. उरलेल्या अर्ध्यावरून दोघांचं भांडण झालं. भांडण चांगलं रंगलं.

इकडे महाराजांचे हाल झाले. काटे काढायला कुणी पुढे येईना. ते आपोआप गळून पडायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत महाराजांनी बेडूक खाल्ले, गांडुळं खाल्ली, उंबरं खाल्ली, एकदा शेवाळ खाल्लं. दर आठवड्याला नवी चव झाली. पानावर खुणाच खुणा झाल्या. पण महाराजांचा आनंद काही केल्या वाढला नाही.

सातव्या आठवड्यात ते सभेला आले. नाक अजून सुजलेलं होतं. सगळे दोन पावलं मागे सरकले. द्वारकाबाई एक पाऊल पुढे सरकल्या, तेव्हा महाराज चार पावलं मागे सरकले.

"संकल्प रद्द," ते म्हणाले. "यादी रद्द. आजपासून पूर्वीसारखं. फक्त सांबर."

काय आनंद झाला म्हणून सांगू! वानरं नाचली. घोरपड कड्यावरून खाली उतरली. नरहरी हसला, आणि या वेळी त्याने मोजलं नाही. मुरलीधर आनंदाने इतका रडला की त्याचा तुरा ओला झाला. जंगलात इतकं सुख कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सांबरांचा म्होरक्या तेवढा उभा राहिला. म्हणाला, "अहो, पण आमचं काय?"

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. एवढ्या चांगल्या दिवशी हे काय बोलणं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"तुमचं काय?" नरहरी म्हणाला. "तुम्हाला तर सवय आहे."

तात्पर्य : आयुष्यात आनंद वाढावा म्हणून प्रत्येकाने छोटे छोटे संकल्प जरूर करावेत. फक्त आपल्या यादीत काय लिहावं याचा विचार करण्याआधी, आपण स्वतः कुणाच्या यादीत आहोत, हे वाचून घ्यावं.