न थांबणारा दांडा

“माझं गणित चुकलंय कधी?” मिलिमीटररावांनी मिशीला पीळ भरला. ऑफिसने चिडवायला ठेवलेलं हे नाव त्यांना पदवीसारखं वाटे!

अवकाशात जाणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणीचा दांडा ते बनवत. कृष्णविवरांपाशी निघणारे हे तापट किरण आरशावर थेट आदळले तर आत घुसून गडप होतात. नुसते घासून गेले तरच वळतात, आणि एकत्र येतात ते थेट दहा मीटरवर. म्हणून एका टोकाला आरसे, दुसऱ्या टोकाला कॅमेरा आणि मधे दांडा! रॉकेटमध्ये जागा नसते, म्हणून तो पेटीत घडी घालून न्यायचा आणि वर गेल्यावर एकदाच उघडायचा. मग ना तो वाकणार, ना मिटणार.

आज तपासणी समितीने दांडा पास केला तरच दुर्बीण उडणार होती. नाहीतर आठ वर्षांची मेहनत पाण्यात!

“आठ वर्षं सवतीचं नुसतं नावच ऐकतेय,” बायको म्हणाली. “एकदा तोंड तरी दाखवा!”

रावांना भरून आलं. समितीपुढे न्यायला घरी आणून ठेवलेली पेटी त्यांनी झोपायच्या खोलीत भिंतीला टेकवली. “एकच घडी उघडतो हं!”

खट्! खट् खट् खट्! दांडा खोलीतून बोळात, बोळातून हॉलमध्ये!

“अहो, थांबवा ना!”

“बटणच नाहीये! मधेच थांबू नये म्हणून मीच काढून टाकलं!”

दांडा घराच्या दाराला जाऊन भिडला. दार आत उघडणारं! राव घामाघूम झाले. रडवेल्या आवाजात त्यांनी समितीला फोन केला.

“आम्हीच येतो,” अध्यक्षबाई कडाडल्या.

तासाभरात समिती दाराबाहेर हजर. दोन सभासदांनी धक्का दिला. दार ढिम्म! मग ड्रायव्हरही भिडला, स्वतः बाईंनीही पदर खोचला. दार जागचं हललं नाही!

बाई धापा टाकत शेजारच्या खिडकीच्या गजांतून डोकावल्या. “दांड्याचे सांधे मोजा बरं!”

रावांनी मापयंत्र लावलं. “केसभरही सरकले नाहीत, बाई!”

“चार माणसांनी रेटूनही?” बाईंचा चेहरा उजळला. “मंजूर! या बाहेर, सही करा!”

रावांनी आनंदाने उडी मारली आणि मग दाराकडे पाहिलं. बायको केव्हाची सुताराशी फोनवर बोलत होती.

“दार कापा, चौकट कापा, वाटलं तर भिंत पाडा,” ती बजावत होती, “पण आमच्या दांड्याला ओरखडा जरी आला ना, तर गाठ माझ्याशी आहे!”