लव्हाळ्याचा आणि मधमाशीचा धनी

सकाळी आम्ही सगळे ऑफिसच्या घाईत लिफ्टपाशी उभे असतो आणि नेनेकाका वॉचमनला हाक मारतात, "लव्हाळ्याच्या आणि मधमाशीच्या धन्या, दोन्ही देवींच्या लाडक्या, लिफ्ट कुठाय?" बशीर पेशावरचा. मराठी त्याला ओ की ठो कळत नाही, पण हाक आपल्यालाच आहे हे कळतं. "काका, लिफ्ट खलास," तो शांतपणे सांगतो.

या पदव्या इजिप्तच्या पहिल्यावहिल्या राजांच्या. ऑफिसांच्या दारांसाठी नावाच्या पाट्या कोरून देणं हा काकांचा धंदा. त्यातूनच केव्हातरी हे वेड डोक्यात शिरलं. स्वतःच्या दारावर त्यांनी, त्या राजांच्या नावाभोवती असायची तशी, राजवाड्याची चौकट कोरली आहे, तिच्यात 'नेने' आणि वर राजाचा ससाणा. मला तो कबुतर वाटतो. तसं एकदा बोलून गेले, तर आठवडाभर त्यांच्याकडून विरजण मिळालं नाही. आखातातल्या आमच्या या इंटरनॅशनल सिटीत इमारतींना देशांची नावं आहेत, आम्ही पर्शियात राहतो. पण इजिप्त कुठंच नाही, याबद्दल त्यांनी मॅनेजमेंटशी भांडणही केलंय.

"नाव खलास, माणूस खलास," हे त्यांचं पालुपद. ते राजे दगडी भांड्यांवर आपलं नाव कोरून घ्यायचे. पण सेमेरखेत नावाच्या राजाचा विषय निघाला की काका लालबुंद. "लेकाच्यानं आधीच्या राजाचं नाव खरवडून स्वतःचं घातलं. चोर!" पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर इतकं कोण चिडतं? मला हसू यायचं.

त्यांच्या बायकोला, वसुधाकाकूंना, हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता. या उन्हाळ्यात त्या हाकेला ओ देईनाशा झाल्या, मग तोंडही उघडेनाशा. उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "वसुधा, महाराणी, एक घास," काका विनवत राहिले. काकू भिंतीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी मऊभात घेऊन गेले. काका जमिनीवर बसून पॉलिशपेपरनं स्टीलची एक वाटी घासत होते.

"हिच्या आईनं लग्नात दिलेली," ते म्हणाले. "वाटीवर 'इंदू' होतं, हिचं माहेरचं नाव. 'वसुधा' मी निवडलं. मग आमच्या घरच्यांनी सगळ्या भांड्यांवरचं इंदू घासून वसुधा घालून आणलं. मला तेव्हा फार छान वाटलं होतं."

सेमेरखेतवरून मी त्यांना पुन्हा कधी हसले नाही.

दुकानात मशीन असताना त्यांनी हातानंच 'इंदू' कोरलं, वाकडंतिकडं. भोवती राजवाडा, वर ससाणा. वाटीत भात घेतला आणि काकूंजवळ बसले.

"इंदू."

काकूंनी मान वळवली. तोंड उघडलं. एक घास, मग आणखी एक. मला रडू आवरेना. काकूंनी काकांकडे नीट पाहिलं आणि गाऊनवर नसलेला पदर सावरत विचारलं, "तुम्ही कोण?"

वॉचमनलाही पदव्या वाटणाऱ्या काकांनी पुढचा घास कालवला.

"कुणी नाही," ते म्हणाले. "तू जेव."